आठशे टाक्यांचा केक

गुढीपाडव्याच्या दुपारी, म्हणजे ९ एप्रिल २०२४ ला, श्रीखंडानं डोळे मिटत आलेले असताना फोन वाजला. वाईहून एक मुलगी बोलत होती. १२ मेला तिच्या आजीची पंचाहत्तरी होती. आजीनं जन्मभर गोधड्या शिवल्या, घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक. "तर ताई, घडी घातलेल्या गोधडीसारखा केक जमेल का? बिनअंड्याचा हवा. आणि फाँडंट नको, आजी म्हणते रबर चावल्यासारखं लागतं." झोपेत माणूस कशालाही हो म्हणतो. अडीच किलोचे तीन हजार सांगून, पाचशे ॲडव्हान्स घेऊन मी मोकळी झाले.

साताऱ्यात घरातूनच केक करायला लागून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. व्हिप्ड क्रीमचे गुलाब, मुलांच्या वाढदिवसाला गाड्या आणि कार्टून, बाकी पायनॅपल आणि ब्लॅक फॉरेस्ट, एवढ्यावर धंदा. फाँडंट म्हणजे साखरेची लाटता येणारी कणीक. ते चाललं असतं तर लाटून, घड्या घालून, चाकानं टाके उमटवून काम भागलं असतं. नुसत्या क्रीमचं कापड कसं करायचं हे शिकण्यात महिना गेला, त्याची ही हकिगत. कुणाला अशी ऑर्डर आली तर निदान माझ्याएवढं बटर वाया जाऊ नये.

पहिला प्रयत्न रविवारी, १४ एप्रिलला. हाताशी व्हिप्ड क्रीम होतं, तेच घेतलं. थर्मोकोलच्या ठोकळ्यावर (सरावाला खरा स्पंज कशाला नासायचा) क्रीम लावलं, पाच रंगांचे चौकोन पाडले, चांदणीच्या नोझलनं भरले आणि वरून २ नंबरच्या, म्हणजे बारीक भोकाच्या नोझलनं पांढरे टाके ओढले. लांबून बरं दिसत होतं. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना नेऊन दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "लोकरीची शाल हाय व्हय? आन् ह्या मुंग्या कशाला लागल्यात?"

तासाभरानं बघते तर मुंग्याही पसरलेल्या. व्हिप्ड क्रीममध्ये हवा फार. एवढी बारीक रेघ त्यात तग धरत नाही, कडा फुगतात, आणि गडद रंगासाठी जेल ओतत गेलं की क्रीम सैल पडतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला माळ्यावरच्या पेटीतून त्यांची वाकळ काढायला लावली. (त्यांच्या माहेरी पाटणकडे वाकळच म्हणतात. वाईची मुलगी गोधडी म्हणत होती, म्हणून माझ्या लिहिण्यात दोन्ही येतंय.) अंगणात पसरली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. लग्नाला बारा वर्षं झाली, दर थंडीत ती पांघरली होती, पण पाहिली नव्हती. टाका कापडावर नसतोच. दोरा ओढला की तो कापडात रुततो आणि दोन ओळींच्या मधलं कापड पोट काढून वर येतं. ऊन तिरपं झालं तशी सगळी वाकळ ऊस लावायला तयार केलेल्या रानासारखी दिसायला लागली, सरी-वरंबा, सरी-वरंबा. ओळी कडेनं सुरू होऊन चौकोन घेत घेत मधे जातात. टाके तांदळाएवढे, पण कुठे बासमती, कुठे इंद्रायणी. दोरा संपला तिथे बारीक गाठ. एका कोपऱ्यात जुनं लुगडं झिरून जाळी झालेली आणि तिच्यातून खालच्या थरातलं हिरवं डोकावत होतं.

"टाका आत बसतो गं," सासूबाई म्हणाल्या. "वर बसला तर त्याला कशिदा म्हनत्यात."

पुढचा महिनाभर मी ह्या एका वाक्याच्या मागे होते.

आधी क्रीम ठरवायचं होतं. रेघ धरायची तर बटरक्रीमच हवं. बटर आणि आयसिंग शुगर फेटून होतं ते सोपं, पण दात किटतील इतकं गोड, आणि साखरेची एक गुठळी राहिली की २ नंबरचं नोझल तुंबलंच. स्विस बटरक्रीम रेशमासारखं होतं, पण ते अंड्याच्या पांढऱ्यावर करतात. शोधता शोधता अर्माइन सापडलं. दूध, मैदा आणि साखर शिजवून घट्ट करायची, पूर्ण गार करायची आणि फेटलेल्या बटरमध्ये चमचा-चमचा घालत जायची. साखर दुधात विरघळलेली असते म्हणून नोझल अडत नाही, गोडी बेताची राहते आणि अंड्याचा प्रश्न येत नाही. ते मिश्रण शिजून आटत आलं तेव्हा मला हसूच आलं. सुती साडीला घालतो ती खळ, दुसरं काही नाही.

एका घाण्याचं माझं प्रमाण: दूध २५० मिली, मैदा ४० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर २२५ ग्रॅम. अडीच किलोच्या केकला एक घाणा पुरत नाही. बटर बिनमिठाचं आणि फिकंच घ्या, पिवळ्या बटरवर निळा रंग हिरव्याकडे झुकतो. घरचं लोणी वापरायचा मोह होईल, मला झाला होता. त्यात पाणी असतं आणि ताकाचा आंबूसपणाही.

२० एप्रिलला खळ कोमट असतानाच घाई केली, बटर वितळून सूप झालं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून परत फेटल्यावर सावरलं. दुसऱ्या दिवशी उलटी चूक. खळ फ्रिजमधून काढून तशीच घातली, तर क्रीम फाटल्यासारखं दाणेदार झालं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं भांड्याभोवती गुंडाळून फेटत राहिले, दहा मिनिटांत गुळगुळीत. खळ आणि बटर दोन्ही सारख्या तापमानाची हवीत, साधारण २० ते २२ अंशांची. माझ्या स्वयंपाकघरात एप्रिलच्या दुपारी ३४ अंश होते, तिथे बटर उभंच राहत नाही. म्हणून पुढचे सगळे घाणे पहाटे पाचला, खिडक्या सताड उघड्या टाकून. मिक्सरच्या आवाजाबद्दल शेजारच्या काकूंना आधीच केकचा डबा देऊन ठेवला होता.

ह्या सगळ्यात कागदांचं लचांड वेगळंच. १५ एप्रिलला वाईहून मेसेज आला होता, की हॉलवाल्यांना बाहेरचा केक चालेल, पण एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर असलेलं बिल हवं. दोन वर्षं आज करू, उद्या करू म्हणत माझी नोंदणी राहिली होती. घरातून विकत असलात तरी ती लागतेच, तेव्हा माझ्यासारखं करू नका. एका एजंटनं दोन हजार सांगितले. मग स्वतःच एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर खातं उघडलं. २०२४च्या नियमानं उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत, म्हणून लायसन्स नाही, साधी नोंदणी. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, पाच वर्षांची एकदम घेता येत होती, मी ५०० भरले. अर्ज भरायला मधल्या चहासकट पाऊण तास लागला. फोटो, आधार आणि जागेचा पुरावा जोडून १६ तारखेला पाठवला.

२२ला परत आला. विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर आणि अर्ज माझ्या. साध्या कागदावर त्यांच्याकडून "माझ्या घराची जागा वापरण्यास हरकत नाही" असं लिहून सही घेतली. मामंजींनी पेन उघडण्याआधी, मी घर नावावर करून घेतेय का, असं विचारून पाहिलं. कागद स्कॅन करून त्याच दिवशी चढवला. परत आलेल्या अर्जाला मुदतीत उत्तर दिलं नाही तर तो बाद होतो, म्हणून ईमेल रोज बघत जा, स्पॅमसुद्धा. ३ मेला १४ आकडी नंबर हातात आला. सर्टिफिकेटची प्रिंट स्वयंपाकघरात दिसेल अशी लावली. त्या दिवशी केकपेक्षा त्याचंच जास्त कौतुक वाटलं, खरं सांगते.

आता कापड. क्रीमला कापडाचा पोत द्यायचा तर खऱ्या कापडाचाच ठसा घ्यावा, हे सुचलं २४ एप्रिलला. पहिल्यांदा घेतलं गोणपाट. ठसा झकास उठला, पण तागाचे तंतू क्रीममध्ये अडकले. पोटात जाणाऱ्या वस्तूवर ते चालणार नाही, तो भाग खरवडून टाकला. मग नवी मलमल आणली, मीटरभर. साबणाशिवाय दोनदा उकळून तिची खळ काढली आणि कडक इस्त्री केली. क्रीमचा थर पॅलेट नाइफनं सपाट करून केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. वर मलमल पसरून प्लास्टिकच्या स्मूदरनं दाबायची. तळहातानं नको, हाताच्या ऊबेनं क्रीम कापडाला धरतं. मग कापडासकट दहा मिनिटं फ्रीझरमध्ये. काढल्यावर एक कोपरा सोडवायचा आणि कापड आडवं, केकला लगटून मागे ओढत न्यायचं. सरळ वर उचललं तर क्रीम सोबत येतं, माझं दोनदा आलं. तिसऱ्यांदा मलमल सुटली आणि खाली उभे-आडवे धागे मोजता येतील असे उमटले. मुलाला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "आई, कापड काढायचं राहिलंय."

एक ठिगळ इरकली साडीच्या काठाचं करायचं होतं, त्या काठाला हे जमत नाही. तो ताठ, चकचकीत असतो. त्यासाठी बारीक दातांची नवी फणी आणली, २० रुपयांची, उकळत्या पाण्यातून काढली आणि मरून पट्टीवर लांबीच्या दिशेनं एकदाच ओढली. दुसऱ्यांदा ओढलीत तर रेघा एकमेकींत शिरतात. हातमागालाही फणी असते आणि तिच्या दातांतूनच ताण्याचे धागे जातात, त्यामुळे नाव तरी बरोबर जुळलं.

टाक्यांची गोम मात्र हत्यारात नव्हती, क्रमात होती. ठसा उमटल्यावर केक पाच मिनिटं बाहेर ठेवायचा, म्हणजे क्रीम दाबलं जाईल इतकं मऊ होतं. बोथट टोकाच्या काडीनं दोन मिलिमीटर खोल सरी पाडायची. सरीत टूथपिकनं दर चार मिलिमीटरवर भोक पाडत जायचं. मग नोझल एका भोकात टेकवून दाबायचं, दोरा जरासा ओढायचा आणि पुढच्या भोकात बुडवून तोडायचा. एक घर सोडून पुढचा टाका. शेवटी टूथपिकनं टाक्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढ्या चुण्या ओढायच्या, कापड खेचलं गेल्यासारख्या. ह्या चुण्या काढल्या आणि ठोकळ्यावरचं क्रीम अचानक फुगलं. खरं तर फुगलं नव्हतं, दिसायला लागलं. सासूबाईंनी मेथीवाल्या दिवसासारखाच चष्मा वर केला, बघितलं आणि परत खाली घेतला. मुंग्यांचं नाव काढलं नाही.

७ मेला आमच्याकडे मतदान होतं. सकाळी सातला रांगेत उभी राहून आले आणि रंगांची तालीम घेतली. डाव्या तर्जनीवर शाई, उजव्या हाताला निळा जेल, दुपारपर्यंत कुठला डाग कशाचा ते कळेना. बटरक्रीममध्ये मरून, गडद निळा, बाटलीचा हिरवा हे रंग लगेच चढत नाहीत. घालताना गुलाबी दिसतं म्हणून आपण ओतत राहतो आणि क्रीम कडू होतं. दोन छटा अलीकडेच थांबा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी रंग आपोआप गडद झालेला असतो. घाई असेल तर तीन-चार चमचे क्रीम मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद पातळ करून त्यात जेल घाला आणि ते उरलेल्यात मिसळा. तेवढ्याच जेलमध्ये रंग दुप्पट दिसतो.

१० मेला, अक्षय्यतृतीयेला, पहाटे सगळे घाणे करून रंग दिले. दुपारी दह्यातले वेलचीचे स्पंज भाजले, १२ बाय ८ इंचांचे तीन. ११ला सकाळी क्रीम फ्रिजबाहेर काढून परत फेटून घेतलं, नाहीतर ते रबरासारखं ताठ असतं. तीन स्पंज एकावर एक रचले, एका लांब बाजूच्या कडा सुरीनं गोलवल्या म्हणजे तीन घड्या दिसतात. समोरची बाजू सरळ ठेवली, तिथे गोधडीची सुटी टोकं. ठिगळांसाठी बटर पेपरचे साचे कापले होते. प्रत्येक ठिगळ शेजारच्यावर किंचित चढवायचं, शेजारी-शेजारी नेमकं लावलं तर फरशी दिसते.

साडेअकराला टाके सुरू केले. ओळींत एकेक सेंटिमीटर अंतर, कडेपासून आत दहा चौकोन. वरच्या बाजूलाच आठशेच्या पुढे टाके होतात, हा हिशोब मी ऑर्डर घेताना केला असता तर फोन ठेवून दिला असता. दर दोन ओळींनी केक दहा मिनिटं फ्रिजमध्ये आणि मी पंख्याखाली. मान अवघडते, म्हणून टर्नटेबल पोळपाट-डब्यावर चढवून छातीच्या उंचीला आणा.

साडेचारला ढग भरून आले, वळीव कोसळला आणि वीज गेली. सहा चौकोन झाले होते. केक आत होता, मी फ्रिजचं दार बंदच ठेवलं आणि मुलाला दारासमोर बसवलं, तोच दर पाच मिनिटांनी पाण्याची बाटली काढतो म्हणून. वीज पावणेसातला आली. आठला केक बाहेर काढला तर पावसानंतरच्या दमट हवेनं त्याला घाम फुटला. मरून ठिगळावरच्या पांढऱ्या टाक्यांत रंग उतरायला लागला. रडू यायचंच बाकी होतं. टिश्यू टेकवू नका, ठसा जातो. मी केक पंख्यासमोर, पण थेट झोतात नाही, असा वीस मिनिटं ठेवला. घाम सुकल्यावर फार रंगलेले टाके टूथपिकनं उचलून नवे घातले. बारा-पंधरा तसेच राहिले, त्यांची फिकट गुलाबी झाक जाईना. "पैल्या धुण्यात लुगड्याचा रंग जातोच की," सासूबाई म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. शेवटचा टाका पडला तेव्हा पावणेबारा वाजले होते.

मग बिल लिहायला बसले, नोंदणी क्रमांक घालून. ह्या केकचं सामान, बोर्ड आणि खोका धरून साडेचौदाशे. सरावात गेलेलं बटर, रंग, मलमल मिळून सतराशेच्या आसपास. पेट्रोल वेगळं, नोंदणीचे ५०० वेगळे, ते तर कधीतरी करायचेच होते. मिळणार होते तीन हजार. तुम्ही कुणी अशी ऑर्डर घेणार असाल तर टाके मोजून किंमत सांगा. मी त्यानंतरच्या गोधडीला साडेचार हजार घेतले.

१२ मे, रविवार. केक रात्रभर फ्रिजमध्ये होता. सकाळी आठला थर्मोकोलच्या पेटीत ठेवला, चारी कोपऱ्यांत गोठवलेले जेल पॅक फडक्यात गुंडाळून, केकला लागणार नाहीत असे. गाडीत खोका सीटवर नको, सीट मागे कललेली असते. पुढच्या सीटच्या पायाशी सपाट जागेत, खाली रबरी मॅट. एसी चालू. हायवेनं पाचवडपर्यंत काही नाही, आत वाईकडे वळल्यावर प्रत्येक गतिरोधकाला नवरा शिवी आवरत होता आणि मी श्वास. सोबत छोट्या डब्यात निळं आणि पांढरं क्रीम, दोन पायपिंग बॅग, टूथपिक. हा डबा विसरू नका.

हॉलच्या मॅनेजरनं बिलावरचा नंबर बोटानं वाचला आणि एसी खोली उघडून दिली. मुलीला सांगून ठेवलं, कापायच्या आधी अर्धा तासच बाहेर काढा, मे महिना आहे.

अकराला आजींना आणलं. नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. केकपाशी आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. वाकून कडेपासून ओळ धरली आणि नजरेनं आतपर्यंत गेल्या. गाठ होती तिथे थांबल्या. मग म्हणाल्या, "पाठ बघू." गोधडी शिवणारी बाई उलटी बाजू बघितल्याशिवाय शिवण चांगली म्हणत नाही. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कोपरा उलटायला बोट घातलं, आणि ते पार पेरापर्यंत निळ्या ठिगळात गेलं.

सगळे हसले. आजींनी बोट चाखलं, म्हणाल्या, "आगं, ही तर खायाची." नातीनं माझ्याकडे पाहिलं, फोटोवाला समोर उभा, कोपऱ्याला भोक. मी डबा उघडून आतून भरायला लागले तशी आजींनी हात धरला. "बुजवू नगं. ठिगळ लाव."

भोकावर निळा चौकोन लावला, शेजारच्यावर किंचित चढवून. कडेनं सरी पाडली. आजी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. चौथा टाका झाल्यावर मी नोझल उचलत होते.

"गाठ मार," त्या म्हणाल्या.

मारली.